खेळातल्या विटा आणि सामाईक यंत्र

दिवाळी जवळ आली की आपल्याकडची मुले किल्ला करायला घेतात. दगड, विटांचे तुकडे, गोणपाट आणि चिखल एवढ्या भांडवलावर चार दिवसांत डोंगर उभा राहतो. उतारावर हळीव उगवतो, बुरुजांवर मातीचे मावळे चढतात. तुळशीचे लग्न होईतो तो किल्ला कसाबसा तग धरतो आणि मग परसातल्या मातीत मिसळून जातो. गेल्या वर्षीच्या किल्ल्याला बुरुज किती होते आणि वाट कोणत्या अंगाने होती, याची नोंद कोणी ठेवीत नाही. राजांनी बांधलेल्या किल्ल्यांचा इतिहास लिहिता येतो, कारण त्यांचे चौथरे तरी उरतात. मुलांच्या बांधकामाचे चौथरेही उरत नाहीत. म्हणूनच बांधण्याच्या खेळाचा इतिहास जगात सर्वत्र त्रोटक आहे.

या नियमाला विसाव्या शतकाच्या अखेरीस एक अपवाद घडला. खेळातले बांधकाम जसेच्या तसे नोंदवून ठेवावे आणि हजार मैलांवरच्या कोणा अनोळखी माणसाने ते विटेवर वीट ठेवून पुन्हा उभे करावे, अशी सोय झाली. हा खेळ डेन्मार्कमधला, लेगो नावाचा. आणि ही सोय झाली ती संगणकामुळे. या सोयीचा इतिहास उणापुरा तीस वर्षांचा आहे. परंतु त्यात गुंतलेला प्रश्न मात्र वाड्यातल्या सामाईक विहिरीइतका जुना आहे. जी वस्तू अनेकांनी मिळून वापरायची, ती राखायची कोणी आणि कशी, हा तो प्रश्न.

आधी विटेविषयी. डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहानशा गावी ओले किर्क क्रिस्तियान्सेन नावाचा सुतार होता. मंदीच्या दिवसांत, १९३२ साली, त्याने लाकडी खेळणी करायला आरंभ केला. पुढे प्लास्टिकचा साचा आला आणि १९४९ साली त्याच्या कारखान्यातून प्लास्टिकच्या विटा बाहेर पडल्या. कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. इंग्लंडमधील हिलरी फिशर पेज यांनी तशा विटा आधीच केल्या होत्या आणि त्यांचाच नमुना बिलुंडमध्ये समोर ठेवण्यात आला होता. या विटा एकमेकींवर बसत, पण धरून ठेवीत नसत. त्यांवर उपाय सापडला तो ओले किर्क यांचे चिरंजीव गोट्फ्रेड यांच्या काळात. विटेच्या पाठीवर खुंट्या होत्याच. आता पोटात पोकळ नळ्या दिल्या. खालच्या विटेच्या खुंट्या वरच्या विटेच्या नळ्यांमध्ये घट्ट धरल्या जाऊ लागल्या. २८ जानेवारी १९५८ रोजी या युक्तीच्या पेटंटसाठी कोपनहेगन येथे अर्ज करण्यात आला. त्या वर्षी निघालेली वीट आज निघालेल्या विटेवर बसते. मापाची ही इमानदारी पुढच्या सर्व कथेचा पाया आहे.

अशा आठ-आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या किती तऱ्हांनी जोडता येतील? कंपनी पुष्कळ वर्षे १०,२९,८१,५०० हा आकडा सांगत असे. कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकाकडून मोजून दाखवले की त्या आकड्यात फक्त सहा थरांचे मनोरे धरले होते. सर्व प्रकारच्या जोडण्या धरल्या तर संख्या ९१,५१,०३,७६५ होते. सहा विटांची ही कथा. सहाशे विटांचे बांधकाम स्मरणात ठेवून पुन्हा करणे कोणा मुलाला साधणार? नोंद ठेवण्याची गरज होती ती येथे.

आता यंत्राविषयी. आपण आज संगणकाला घरातले, किंबहुना खिशातले यंत्र समजतो. परंतु आरंभी संगणक सामाईकच होता. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१मध्ये एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत करून दाखवली. त्या पद्धतीत प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवल्या जात आणि प्रत्येकाला आपला परवलीचा शब्द असे. आज आपण ज्या पासवर्डला कंटाळतो, त्याचा संगणकावरील जन्म त्या सामाईक वापरात झाला आहे. पुढे १९७७मध्ये अ‍ॅपल-दोन आणि १९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला. यंत्र लहान झाले, मेजावर मावू लागले आणि त्याला एकच मालक मिळाला. जिथे मालक एक, तिथे कुलपाचे काय काम? म्हणून या यंत्रांवर ना वेगळी खाती होती, ना परवलीचे शब्द. जो यंत्रापुढे बसेल तो यंत्राचा धनी.

विटा आणि संगणक यांची पहिली गाठ याच काळात शाळेच्या वर्गात पडली. मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा १९६७ साली घडवणाऱ्यांपैकी एक असलेले सीमोर पापर्ट यांच्या भोवतीच्या मंडळींनी एमआयटीमध्ये लेगोचे गिअर आणि मोटारी संगणकाला जोडल्या. १९८८च्या सुमारास ते साहित्य शाळांकडे जाऊ लागले. त्या वेळी प्रोग्रॅम फ्लॉपीवर येत असे. मुलाने फ्लॉपी घालावी, काम करावे, फ्लॉपी काढून घ्यावी. यंत्रावर काही बसवण्याचा प्रश्न नव्हता आणि म्हणून बिघडण्याचाही फारसा नव्हता. पण तेथे संगणक विटांना हलवीत असे. विटा अजून संगणकात शिरल्या नव्हत्या.

त्यांना आत नेले ते जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने. १९९५ साली त्याने डॉसवर चालणारा ‘एल-ड्रॉ’ हा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्याच्या जोडीला ‘एल-एडिट’ हा बांधणीचा प्रोग्रॅम. एक बांधकाम रचून देई, दुसरा त्याचे चित्र काढी. यात त्याने घेतलेले दोन निर्णय ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला निर्णय मापाचा. दोन खुंट्यांच्या मध्यांतले अंतर आठ मिलिमीटर, विटेची उंची नऊ पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर, आणि चपट्या पट्टीची उंची तिच्या बरोबर एक-तृतीयांश. ही मापे मिलिमीटरमध्ये लिहिली तर दशांश चिन्हे आड येतात. जेसिमनने आपला एक लहान एकक ठरवला, सुमारे ०.४ मिलिमीटरचा. आता खुंट्यांतले अंतर २०, विटेची उंची २४ आणि पट्टीची ८. आपल्या सराफाने तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा कराव्यात, म्हणजे अपूर्णांकाचा त्रास वाचावा, तसे हे झाले.

दुसरा निर्णय नोंदीचा. त्याने प्रत्येक बांधकाम साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिले, एका विटेला एक ओळ. ओळीच्या आरंभी १ हा अंक, म्हणजे ‘येथे एक भाग ठेवायचा आहे’. मग रंगाचा क्रमांक. लाल असेल तर ४. मग भाग कोठे ठेवायचा याचे तीन आकडे, तो कसा वळवायचा याचे नऊ आकडे, आणि शेवटी भागाचे नाव. आठ खुंट्यांच्या विटेचे नाव ‘३००१.डॅट’. एका विटेवर दुसरी ठेवायची तर उंचीच्या जागी उणे २४ लिहायचे. उणे अशासाठी की या पद्धतीत खाली जाणारी दिशा अधिक मानली आहे. ही ओळ वाचायला कोणताही विशेष प्रोग्रॅम लागत नाही. ज्याला अक्षरे आणि आकडे वाचता येतात तो ती वाचू शकतो, दुरुस्तही करू शकतो. शिवाय ‘३००१.डॅट’ हीदेखील तशीच एक साधी फाइल. तिच्यात विटेच्या रेषा आणि पृष्ठे लिहिलेली. म्हणजे नवा भाग हवा असेल तर तोही कोणीही मोजून लिहावा.

२५ जुलै १९९७ रोजी जेसिमन वारला. तिशीही गाठली नव्हती. एकट्या माणसाने केलेला प्रोग्रॅम एरवी त्याच्याबरोबर संपतो. येथे तसे झाले नाही. देशोदेशीचे हौशी लोक आपापल्या घरच्या विटा मोजून भागांच्या फायली लिहीत होते, त्या एकमेकांकडे पाठवीत होते. जेसिमनच्या पश्चात त्यांनी हे काम संस्थेच्या रूपाने चालू ठेवले. नवी फाइल आली की दुसऱ्यांनी ती तपासायची, आणि तपासून झाल्यावरच तिला अधिकृत कोशात घ्यायचे, असा रिवाज पडला. पुढे या कोशाला मुक्त परवाना देण्यात आला. आज त्यात दहा हजारांहून अधिक भाग आहेत. कोशावर चालणारे प्रोग्रॅमही निरनिराळ्या माणसांनी लिहिले: विंडोजसाठी मायकेल लाखमान यांचा ‘एमएलकॅड’, मॅकसाठी अ‍ॅलन स्मिथ यांचा ‘ब्रिकस्मिथ’, आणि लेओनार्दो झिदे यांचा ‘लिओकॅड’. प्रोग्रॅम वेगळे, पण कोश एक.

येथवर कथा सुखाची आहे. अडचण सुरू झाली ती हे सारे घरातून उठून शाळेच्या आणि ग्रंथालयाच्या संगणकावर गेले तेव्हा.

जेसिमनने प्रोग्रॅम लिहिला तेव्हा डॉसला ‘वापरणारा’ ही कल्पनाच ठाऊक नव्हती. यंत्र एकाचे, डिस्क एकाची. साहजिकच या परंपरेतले प्रोग्रॅम असे गृहीत धरून चालत की कोश ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरात आपल्याला लिहिताही येईल. लिहावे लागे, कारण कोशात नवे भाग आले की भागांची यादी नव्याने तयार करावी लागे आणि ती यादी कोशाशेजारीच ठेवली जाई. कोश कोठे आहे हे सांगणारी टाचण कधी विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात असे. मालक एक असेतो यात काही वावगे नव्हते.

परंतु २००१ साली विंडोज एक्सपी घरोघर आणि शाळोशाळी गेले, आणि कॉर्बाटोच्या काळातली वेगळी खाती सामान्यांच्या यंत्रावर परत आली. शाळेतल्या यंत्रावर मुलांची खाती मर्यादित अधिकारांची. प्रोग्रॅम जेथे ठेवलेले असतात त्या फोल्डरात त्यांना वाचता येई, लिहिता येत नसे. शिक्षकाने आपल्या खात्यातून सर्व काही बसवावे, नीट चालवून पाहावे आणि निश्चिंत व्हावे. दुसऱ्या दिवशी मुलाने तोच प्रोग्रॅम उघडला तर भागांची यादी कोरी. वाड्यात विहीर आहे, पण पोहरा मालकाच्या कोठीत, अशी ही तऱ्हा.

२००७च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा आले आणि गोंधळाला नवे वळण लागले. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून व्हिस्टाने एक शक्कल लढवली. एखादा जुना प्रोग्रॅम मना केलेल्या फोल्डरात लिहू लागला, तर त्याला नकार द्यायचा नाही. लिहिलेले गुपचूप त्या वापरणाऱ्याच्या खासगी फोल्डरात वळवायचे आणि प्रोग्रॅमला मात्र ते मूळ जागीच आहे असे भासवायचे. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की एकाच यंत्रावर एकाच नावाची फाइल एका मुलाला एक दिसे आणि दुसऱ्याला दुसरी. एकाने नवे भाग घातले, ते दुसऱ्याला दिसेनात. शिक्षक आपल्या खात्यातून पाहतो तो तिसरेच काही. बिघाड शोधू पाहणाऱ्याला प्रत्येक साक्षीदार प्रामाणिकपणे वेगळी साक्ष देई.

अशा बिघाडांचा उलगडा करण्याची एक रीत हळूहळू ठरत गेली, आणि ती कोणत्याही सामाईक यंत्राला लागू आहे. पहिला प्रश्न असा, की दोष सगळ्यांना आहे की एकालाच? एकालाच असेल तर तो त्याच्या खात्यात शोधावा. सगळ्यांना असेल तर यंत्रात. चित्र काळे पडते किंवा पडदा रखडतो, आणि ते कोणाच्याही खात्यातून, तर दोष बहुधा चित्र काढणाऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरचा असतो. कारण ही त्रिमिती चित्रे ‘ओपन-जीएल’ नावाच्या पद्धतीने काढली जातात, आणि कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर नसेल तर ते काम मुख्य प्रोसेसरला आपल्या कुवतीने रेटावे लागते. दुसरा प्रश्न: बदल आज टिकतो आणि उद्या जातो का? अनेक शाळांतली यंत्रे रोज सुरू होताना पूर्वस्थितीला आणण्याची व्यवस्था असते. तेथे केलेली कोणतीही दुरुस्ती ती व्यवस्था तात्पुरती उठवूनच करावी लागते. आणि तिसरा प्रश्न, सर्वांत महत्त्वाचा: काय सर्वांचे आहे आणि काय एकेकाचे? कोश सर्वांचा; म्हणून तो प्रोग्रॅमच्या बंदिस्त फोल्डराबाहेर, सर्वांना वाचता येईल अशा जागी ठेवावा आणि त्यात लिहिण्याचा अधिकार एकाकडे असावा. बांधकामे आणि आवडीनिवडी ज्याच्या त्याच्या. त्या ज्याच्या त्याच्या फोल्डरात. ही वाटणी नीट झाली की निम्म्याहून अधिक बिघाड आपोआप नाहीसे होतात. वाड्यातही हेच होते. विहीर सामाईक, घागरी आपापल्या. भांडण होई ते घागर विहिरीत सोडून गेल्याने.

या सुमारास खुद्द कंपनीही या क्षेत्रात उतरली होती. २००४ साली तिने ‘लेगो डिजिटल डिझायनर’ हा प्रोग्रॅम मोफत दिला. तो शिकायला सोपा होता. विटा आपोआप खुंट्यांवर बसत आणि एकीच्या अंगात दुसरी शिरू शकत नसे. जेसिमनच्या पद्धतीत मात्र कोणतीही वीट कोठेही, हवेतसुद्धा ठेवता येते. २००५पासून आणखी एक नवल झाले: पडद्यावर रचलेले बांधकाम कंपनीकडे पाठवावे आणि तेवढ्याच विटांची पेटी विकत घ्यावी. ही विक्री जानेवारी २०१२मध्ये बंद झाली, प्रोग्रॅम चालू राहिला.

सामाईक यंत्रावर या प्रोग्रॅमने उलटी चूक केली. जुन्या परंपरेने सर्व काही सर्वांचे मानले होते. याने भागांचा कोशही प्रत्येक वापरणाऱ्याच्या खासगी फोल्डरात ठेवला. तीस मुलांनी आलटून पालटून वापरायच्या यंत्रावर एकाच कोशाच्या तीस प्रती होऊ शकत. भागांची नवी यादी आणण्यासाठी प्रोग्रॅम कंपनीच्या सर्व्हरकडे जाई. शाळेच्या जाळ्याने ती वाट अडवली असेल तर एकाचा कोश नवा आणि दुसऱ्याचा जुना, अशी स्थिती होई. आणि कोश बंद पेटीत होता. त्यात काय आहे हे कंपनीने ठरवायचे, वापरणाऱ्याने त्यात भर घालायची सोय नव्हती.

ही गोष्ट किती महत्त्वाची होती ते जानेवारी २०१६मध्ये कळले. कंपनीने जाहीर केले की या प्रोग्रॅमवर यापुढे पैसा खर्च केला जाणार नाही. प्रोग्रॅम उघडत होता, चालत होता, पण नव्या विटा त्यात येण्याचे जवळजवळ थांबले. कारखान्यात दर वर्षी नवे आकार निघत होते आणि पडद्यावरची पेटी जुनी होत चालली होती. ३१ जानेवारी २०२२ रोजी कंपनीने तो अधिकृतपणे निवृत्त केला. ज्या शाळांनी आपला अभ्यासक्रम त्यावर बसवला होता, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला की मुलांनी वर्षानुवर्षे रचलेल्या बांधकामांचे आता काय करायचे.

त्याचे उत्तर आले त्यात इतिहासाची गंमत आहे. २००० साली सुट्या विटांच्या खरेदी-विक्रीसाठी निघालेली ‘ब्रिकलिंक’ ही बाजारपेठ लेगो कंपनीने २०१९च्या अखेरीस विकत घेतली. तिच्याबरोबर ‘स्टुडिओ’ नावाचा बांधणीचा प्रोग्रॅमही कंपनीकडे आला, आणि डिजिटल डिझायनरच्या जागी तोच पुढे करण्यात आला. हा स्टुडिओ ज्या भागांवर उभा आहे तो कोश मुळात एल-ड्रॉचा. त्याची फाइल उघडून आत डोकावले तर तेथे बांधकाम लिहिलेले आहे ते जेसिमनच्या ओळींमध्ये: आरंभी १, मग रंग, मग बारा आकडे, मग भागाचे नाव. जुन्या डिजिटल डिझायनरच्या फायलीही त्याला वाचता येतात, त्यामुळे मुलांची बरीच बांधकामे वाचली. कंपनीच्या स्वतःच्या पेटीची जागा शेवटी त्या हौशी मंडळींच्या वहीने घेतली.

यावरून कंपनी वाईट आणि हौशी लोक चांगले, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. मोफत आणि सोपा प्रोग्रॅम देऊन कंपनीने लाखो मुलांना या कामाची गोडी लावली, आणि मापाची जी इमानदारी १९५८पासून तिने सांभाळली, तिच्याशिवाय हौशी मंडळींची वही दुसऱ्याच वर्षी निरुपयोगी झाली असती. तथापि एवढे खरे, की जो कोश एकाच्या कुलपात होता त्याचे आयुष्य त्या एकाच्या मर्जीइतके ठरले. आणि जो कोश सर्वांनी वाचावा, तपासावा, वाढवावा अशा साध्या अक्षरांत लिहिला होता, तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरही वाढत राहिला. तो सर्वांचा होता खरा. पण सर्वांचा म्हणजे कोणाचाच नाही, अशी त्याची गत झाली नाही. कोणी तपासायचे, कोणी भर घालायची, कोणाच्या नावे नोंद करायची, हे ठरलेले होते. सामाईक विहिरीलाही गाळ काढण्याची पाळी ठरवावीच लागते.

शाळेतल्या संगणकापुढे त्रस्त होऊन बसलेल्या शिक्षकाला हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे फक्त कोरी यादी असते आणि मागे वाट पाहणारी मुले. पण तो ज्या प्रश्नाशी झगडत असतो, की काय सर्वांसाठी ठेवावे आणि काय ज्याचे त्याला द्यावे, त्याच प्रश्नावर या विटांचे भवितव्य अवलंबून होते. त्याने कोश योग्य जागी ठेवला आणि मुलांची बांधकामे त्यांच्या त्यांच्या नावाने जपली, तर तिसऱ्या इयत्तेतल्या एखाद्या मुलीने आज रचलेला बुरुज ती मोठी झाल्यावर एका साध्या फाइलमधून पुन्हा वाचता येईल. तोवर प्रोग्रॅम कोणता असेल, यंत्र कसे असेल, हे सांगता येत नाही. पण आठ खुंट्यांच्या विटेचा क्रमांक ३००१ हा ओळीच्या शेवटी तेव्हाही वाचता येईल.